टरबूज-डांगर: कुणी, किती आणि कसं खावं

उन्हाळा लागला की आमच्या गावात आशाताईला गोळ्यांपेक्षा टरबुजाबद्दल जास्त विचारतात. "शुगरवाल्याले चालते का जी?" "लेकराले देलं तं सर्दी होईन का?" "टरबुजावर पाणी पेलं की हगवण लागते म्हणतात, खरं हाय का व ताई?" मी भंडारा जिल्ह्यातल्या, वैनगंगेच्या काठच्या एका गावची आशा कार्यकर्ती. सासर वाडीवाल्यांचं, म्हणजे नदीकाठी टरबूज-डांगराची वाडी लावणाऱ्यांचं. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, उभा जन्म नदीच्या रेतीत टरबूज आणि डांगर लावलं. त्यामुळे फळ पारखायचं कसं ते घरातच शिकले, आणि ते कुणी किती खावं हे प्रशिक्षणात आणि दारोदार फिरून कळलं. डांगर म्हणजे बाजारात ज्याला खरबूज म्हणतात ते. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांनी टरबुजाच्या जागी कलिंगड वाचावं.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण दर उन्हाळ्यात मला तीच सगळ्यात जास्त वेळा सांगावी लागते. टरबुजात पाणी आहे, मीठ नाही.

उन्हातून आल्यावर

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५-४६ अंशांवर जातो. तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात गेलेली बाई ऊन चढल्यावर परतते. रोजगार हमीवर तलावाचा गाळ काढणारे तर भर उन्हातच असतात. अशा कामात माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो, आणि घामासोबत मीठही जातं. सदऱ्याच्या पाठीवर पांढरे पट्टे उमटतात ना, ते तेच.

१०० ग्रॅम टरबुजाच्या गरात ९१-९२ ग्रॅम पाणीच असतं. डांगरात ९०च्या आसपास. म्हणून खाल्ल्याबरोबर जीव गार होतो, तोंडाची कोरड जाते. पण किलोभर टरबुजात सोडियम निघतं जेमतेम १० मिलिग्रॅम. सरकारी ओआरएसचं एक पाकीट लिटरभर पाण्यात कालवलं की त्यात १,७०० मिलिग्रॅमहून जास्त सोडियम असतं. हा फरक लक्षात घ्या. दिवसभर घाम गाळून आलेल्या माणसानं नुसतं टरबूज खाल्लं आणि वर माठातलं पाणी प्यायला, तर तहान भागते पण पोटऱ्यांत गोळे यायचे ते येतातच. डोकं दुखतं, गळून जायला होतं. मग लोक म्हणतात टरबूज बाधलं. बाधत काही नाही. मीठ कमी पडतं.

म्हणून कामावरून आलेल्याला आधी सावलीत बसवा. त्याला ओआरएस द्या, नाही तर मीठ घातलेला मठ्ठा, कैरीचं पन्हं, भाताची खारी पेज, जे घरात असेल ते. त्यानंतर टरबूज. फोडींवर चिमूटभर मीठ भुरभुरलं तरी चालतं, फक्त बीपीवाल्यांनी ते टाळावं. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. चमचा सपाट म्हणजे सपाटच. शीग लावून मीठ घातलं तर लहान लेकराला अपाय होतो.

हगवण लागलेल्या लेकराला टरबुजाचा रस पाजत बसणाऱ्या आया मला दरवर्षी भेटतात. त्यांचं मन चांगलं असतं, पण त्या रसात साखर आहे आणि मीठ नाही, त्यामुळे कधी कधी हगवण वाढते. त्या लेकराला ओआरएस आणि झिंकची गोळीच हवी. दोन्ही माझ्याकडे फुकट मिळतं, रात्री दार वाजवलं तरी.

आणि हे तर पाठच करून ठेवा. उन्हातून आलेला माणूस बरळायला लागला, अंग तव्यासारखं तापलं, झोकांड्या जायला लागल्या किंवा शुद्ध हरपली, तर त्याच्या तोंडात टरबूज काय, पाणीही घालू नका. कपडे सैल करा, अंगभर पाणी मारा, पंखा घाला आणि १०८ला फोन लावा. बेशुद्ध माणसाच्या घशात फोड अडकली तर उष्माघाताच्या आधी तीच त्याचा जीव घेईल.

फळ घेताना

टरबुजाचं पोट पाहा. जमिनीला टेकलेल्या बाजूला एक डाग असतो. तो पिवळसर असला तर फळ वेलीवर पुरतं मुरलं. पांढरा किंवा हिरवट असला तर घाईनं तोडलं. सारख्या आकाराच्या दोन फळांतलं जड ते घ्या. बोटानं ठोकलं की टणटण वाजतं ते कच्चं, बदबद वाजतं ते खायला झालं, आणि वाजतच नाही, दाबलं की बसतं, ते आतून गेलं. वाडीवरच घेत असाल तर देठाशेजारची कुरळी तार वाळलीय का बघा. टरबूज तोडल्यावर पुढे पिकत नाही, त्यामुळे कच्चं आणून आठवडाभर खाटेखाली ठेवण्यात अर्थ नाही.

डांगराचं वेगळं. ते तोडल्यावर मऊ पडतं, वास सुटतो, पण गोडी मात्र वेलीवर होती तेवढीच राहते. देठाच्या जागी गोल, स्वच्छ खळगा दिसला तर फळ आपोआप सुटलंय. देठाचा तुकडा चिकटलेला आणि कापलेला दिसला तर कच्चं ओढलंय. मामाजी म्हणायचे, डांगर वेलानं सोडलं तरच आपण उचलावं. बुडाशी नाक लावा. गोड वास आला तर आज-उद्या खा, दारूसारखा आंबूस वास आला तर घेऊ नका.

तडकलेलं, टोचलेलं, एका बाजूला मऊ पडलेलं फळ स्वस्तात मिळतं. बाजार उठायच्या वेळी तर फुकटच्या भावात. ते गाईला घाला. साल फुटली की आत काय शिरलं ते डोळ्यांना दिसत नाही.

धुणं आणि चिरणं

इथे मी जरा लांबण लावणार आहे. टरबूज-डांगर खाऊन लोक आजारी पडतात त्यातले निम्मेअधिक घोटाळे याच पायरीवर होतात, असं माझं मत आहे.

"साल तं फेकूनच द्यायची, मंग धुवाची काऊन?" हे मला घरोघरी ऐकायला मिळतं. कारण असं की सुरी आधी सालीतून जाते आणि मग गरात शिरते. सालीवर जे असेल ते पात्यासोबत आत उतरतं. आणि सालीवर काय काय असतं! वाडीत फळ जमिनीवर लोळतं. शेणखत असतं, फवारणी असते, ट्रॅक्टरमध्ये भरणाऱ्यांचे हात असतात, बाजारात पोत्यावर मांडलेलं असतं. वैनगंगेच्या पाण्याचं काय सांगावं? नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला येतं आणि कन्हान वैनगंगेला मिळते. पूर्वी वाडीवरच फळ नदीत बुचकळून फोडायचे. आता तसं करू नका. हातपंपाचं किंवा नळाचं पाणी घ्या.

हात साबणानं धुवा. फळ वाहत्या पाण्याखाली किंवा वरून तांब्यानं पाणी सोडत धुवा, घमेल्यात बुडवून नाही. टरबूज गुळगुळीत असतं, हातानं चोळलं तरी भागतं. डांगराच्या अंगावर जाळी असते आणि तिच्या खाचांत रेती आणि माती घट्ट बसते. नखानं उकरून पाहा, काळी रेघ निघते. त्याला ब्रश लागतो. भाजीसाठी वेगळा ठेवलेला कपड्यांचा नवा ब्रश चालतो, नारळाची स्वच्छ शेंडीही चालते. देठाचा खळगा विसरू नका, सगळ्यात जास्त घाण तिथेच असते. फळाला साबण किंवा निरमा लावायचा नाही. मग स्वच्छ फडक्यानं कोरडं पुसा.

आता पावशी, म्हणजे विळी. आपल्याकडे ज्या पावशीवर सकाळी मासोळी साफ केली तिच्यावरच दुपारी टरबूज चिरतात. पदराला पुसली म्हणजे झालं, असं नाही. कोंबडी-मासोळीची पावशी वेगळी ठेवा. जमत नसेल तर फळाआधी ती साबणानं घासा.

डांगराच्या बाबतीत मी इतकी कटकट करते त्याला कारण आहे. हे फळ आंबट नाही. लिंबात किंवा संत्र्यात जंतूंना वाढणं जड जातं, डांगराच्या गरात ते मजेत वाढतात. २०११ साली अमेरिकेत एका शेतावरच्या डांगरांमधून लिस्टेरिया नावाचा जंतू पसरला. १४७ जण आजारी पडले आणि ३३ जण दगावले. त्यात म्हातारी माणसं जास्त होती. फळ दिसायला चांगलं होतं, चवीलाही चांगलं होतं. लिस्टेरियाचा सगळ्यात मोठा धोका असतो तो गरोदर बाईच्या पोटातल्या बाळाला, आणि हा जंतू फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो. म्हणून माझ्या यादीतल्या गरोदर बायांना मी सांगते की डांगर जरूर खा, पण घरी धुऊन, घरी चिरून, त्याच वेळी. सकाळचं चिरलेलं संध्याकाळी नाही, फ्रिजमधलं असलं तरी नाही.

बाकीच्यांसाठी नियम असा आहे की चिरलेलं फळ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासभरच. आता सांगा, मे महिन्यात आपल्या घरात ३२ अंश कधी असतात? पहाटे चारला असतील. तेव्हा चिरलं की खायचं. उरलं तर झाकून लगेच फ्रिजमध्ये आणि दोन-तीन दिवसांत संपवायचं. त्यातही लाइट पाच-सहा तास गेली तर फ्रिज म्हणजे नुसतं कपाट. चार माणसांच्या घरानं पाच-सहा किलोचा भोपळ्याएवढा गोळा आणू नये. दोन-तीन किलोचं छोटं फळ आणा, एका बैठकीत संपवा. अख्खं फळ सावलीत आठवडाभर टिकतं. गार हवं असेल तर रात्री ओलं पोतं गुंडाळून वाऱ्याला ठेवा.

आठवडी बाजारात बर्फाच्या लादीवर मांडलेल्या फोडी असतात. लाल लाल, वरून पाणी शिंपडलेल्या, आणि सगळ्यात पहिलं गिऱ्हाईक माश्या. त्या कधी चिरल्या ते विकणाऱ्यालाही आठवत नसतं. शिवाय तो बर्फ खायचा नसतो, सामान गार ठेवायचा असतो, आणि कोणत्या पाण्याचा असतो ते देव जाणे. खायच्या नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आपल्या राज्यात २०१८पासून आहे, म्हणजे निळसर बर्फ दिसला की पुढे चालायचं. लेकरू रडत असेल तर अख्खं छोटं फळ घ्या आणि घरी न्या. लग्नातल्या फळांच्या टेबलाचंही तेच. वरात दारात नाचत असते आणि फोडी दोन तासांपासून मांडवात घाम गाळत असतात.

टरबुजावर पाणी प्यायलं की हगवण लागते, ही समजूत बहुधा अशाच फोडींतून आली असावी. उन्हाळ्यात विहिरी तळाला जातात, पाणी गढूळ होतं, आणि पटकी-हगवणीची साथ नेमकी टरबुजाच्या दिवसांत यायची. दोष पाण्याचा आणि माश्यांचा, नाव टरबुजाचं झालं. पाणी स्वच्छ असेल तर प्या. पोट आधीच तुडुंब भरलंय, वर दोन ग्लास ढोसले तर तडस लागेल, एवढंच.

ती इंजेक्शनवाली गोष्ट

दर मार्चमध्ये व्हॉट्सॲपवर तो व्हिडिओ येतो. टरबुजाला सुई टोचतायत, लाल रंग भरतायत. मी वाडीवाल्याच्या घरची, त्यामुळे मला राग येतो हे कबूल. पण जरा हिशोब करा. जागेवर फळाला मिळणारा भाव पाहिला तर एकेका फळाला सुई टोचत बसणाऱ्या मजुराची मजुरीही निघणार नाही. आणि सालीला भोक पडलेलं टरबूज या उन्हात टिकत नाही, तिथूनच आंबायला लागतं. आतला गर फाटून भेग पडली असेल तर तीही सुईची नसते. पाणी, ऊन आणि फळाची वाढ यांचा मेळ बसला नाही की गर आतून उलतो. असं टरबूज खायला हरकत नाही, बऱ्याचदा गोडच निघतं.

तरीही शंका असेल तर अन्नसुरक्षावाल्यांनी सांगितलेली साधी परीक्षा आहे. फळ चिरा, पांढरा कापूस गरावर घासा. कापूस लालभडक झाला तर रंग घातलाय, ते खाऊ नका. माझा संशय फळापेक्षा रस्त्यावरच्या सरबतावर जास्त असतो, तिथे रंग घालणं सोपं.

खरं जपायचं ते कडवट फळापासून, आणि त्याचा व्हिडिओ कुणी पाठवत नाही. टरबूज, डांगर, काकडी, दुधी ही सगळी एका कुळातली. शेताच्या बांधावर उगवणारं कडू इंद्रावणही टरबुजाचं जवळचं नातलग. या कुळात एक कडू विष असतं. लागवडीच्या फळांत ते नसल्यात जमा असतं, पण एखाद्या फळात उतरतं. तेव्हा ओकाऱ्या होतात, पोटात मुरडा येतो, कधी रक्ताची हगवण लागते. कडू दुधीचा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत. म्हणून पहिला घास कडू लागला तर थुंका आणि अख्खं फळ फेका. पैसे दिलेत म्हणून साखर-मीठ लावून संपवायचं नाही.

फायदा काय

फायद्यांची यादी लांबवणार नाही, कारण टरबुजानं कॅन्सर जातो, मूतखडा विरघळतो असं लिहिणारे पुष्कळ आहेत. तसं काही होत नाही. पाणी मिळतं, लघवी साफ होते, पोट हलकं राहतं, आणि १०० ग्रॅमला ३०-३५ कॅलरीच असल्यानं वजन वाढत नाही. टरबुजाच्या लाल रंगात लायकोपीन असतं, तेच जे टमाटरात असतं. बीपीवाल्यांना डांगरातलं पोटॅशियम चांगलं, पण त्याला एक अट आहे, ती पुढे सांगते.

मला स्वतःला महत्त्वाचा वाटतो तो डांगराचा एक उपयोग. १०० ग्रॅम डांगरात ३५ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, आणि क जीवनसत्त्वानं जेवणातलं लोह अंगाला लागतं. आपल्याकडे बायांचं रक्त कमी असतं हे सांगायला नको. लोहाची लाल गोळी घेतली की वर चहा पितात आणि अर्धी गोळी वाया घालवतात. चहा तासा-दोन तासांनी घ्या. गोळीसोबत, भाजी-भातासोबत डांगराच्या दोन फोडी खा. केशरी गराचं मिळालं तर आणखी चांगलं, त्यात अ जीवनसत्त्व होणारा रंग असतो. पांढऱ्या-हिरव्या गराच्या डांगरात तो फारसा नसतो.

ज्यांनी मोजून खायचं

शुगरवाले. आमच्या आळीत एक आजी आहेत. मला पाहिलं की म्हणतात, "डॉक्टर तं काईच खाऊ देत नाही, निदान टरबूज तरी खाऊ दे व पोरी." खाऊ देते की. टरबुजाची साखर रक्तात भराभर उतरते हे खरं, पण १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं साडेसात ग्रॅमच असतात, बाकी पाणी. म्हणजे एक वाटी फोडी, दीडशे-दोनशे ग्रॅम, चालतात. घोटाळा होतो तो ताटभर घेऊन बसल्यावर. अर्धा किलो टरबूज म्हणजे जवळजवळ एक मोठी वाटी भात. आजी भात सोडत नाहीत आणि वरून अर्धा किलो टरबूज खातात, तर शुगर ३००वर जाणार नाही तर काय? टरबूज खायचं त्या जेवणात भात तेवढा कमी करायचा. रस काढायचा नाही, कारण ग्लासभर रसात किती फळ गेलं ते कळत नाही. साखर भुरभुरायची नाही. मूठभर शेंगदाणे सोबत खाल्ले तर साखर जरा सावकाश चढते. आणि घरात शुगरचं मशीन असेल तर खाल्ल्यावर दोन तासांनी तपासा. तुमच्या अंगाला किती चालतं ते माझ्यापेक्षा ते मशीन बरोबर सांगेल.

किडनीचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं, मग खायचं. बिघडलेली किडनी पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही, आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. १०० ग्रॅम टरबुजात ११० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, डांगरात त्याच्या दुपटीहून जास्त, २६०-२७०. म्हणजे डांगर यांना जास्त जड. बीपीच्या काही गोळ्यांनीही अंगात पोटॅशियम साठतं. ती अट हीच. गोळीचं पाकीट घेऊन या, आपण दवाखान्यात विचारू.

डायलिसिसवाल्यांना आणि हृदय कमजोर असल्यामुळे "दिवसाला इतकंच पाणी" असं बांधून दिलेल्यांना आणखी एक लक्षात ठेवावं लागतं. अर्धा किलो टरबूज म्हणजे साडेचारशे मिलिलिटर पाणी. ते फळ म्हणून खाल्लं तरी पायांवर सूज पाणी म्हणूनच येते. त्या दिवसाच्या हिशोबात ते धरा.

सिकलसेल. आपल्या पूर्व विदर्भात रक्ताचा हा आनुवंशिक आजार घराघरांत आहे, आणि या लेकरांच्या अंगातलं पाणी कमी झालं की हातापायांत, पाठीत असह्य कळा सुरू होतात. उन्हाळा त्यांचा वैरी. यांना मी मुद्दाम सांगते की टरबूज खा, कारण पाणी पी पी म्हटलं तर पोरं पीत नाहीत, फोड मात्र मागून खातात. पण ते पाण्याच्या जोडीला आहे, पाण्याऐवजी नाही, आणि गोळ्यांऐवजी तर मुळीच नाही. कळा उठल्या की टरबूज बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. सिकलसेलनं पुढे किडनीवर परिणाम झाला असेल तर वरचा किडनीचा नियम लागू.

ज्यांना टरबूज खाल्लं की गॅस होतो, पोट गुडगुडतं, पातळ होतं, त्यांनी स्वतःला दोष देऊ नये. या फळातली साखर काही जणांच्या आतड्यात नीट शोषली जात नाही. एखाददुसरी फोड खाऊन पाहा, सोसलं तर तेवढीच खा. तोंडात, घशात खाज सुटत असेल तर ती ॲलर्जी आहे. ओठ सुजले, श्वास लागला तर लगेच दवाखाना, आणि पुन्हा त्या फळाला हात लावायचा नाही.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचं दूधच, टरबुजाचं पाणीसुद्धा नाही. त्यानंतर बिया काढून, गर कुस्करून चमच्यानं. तीन-चार वर्षांपर्यंत बिया काढूनच द्या आणि बसवून खाऊ घाला. पळता पळता खाल्लेली फोड घशात अडकते. बी गिळली तर पोटात वेल उगवत नाही, हे मात्र पोरांना सांगू नका, तेवढ्या धाकानं तरी बसून खातात. सर्दी टरबुजानं होत नाही, विषाणूनं होते. रात्री खाल्लं तर उठून दोनदा लघवीला जावं लागेल, म्हाताऱ्यांना अंधारात पडायची भीती, म्हणून त्यांनी दुपारीच खावं. दुधासोबत खाऊ नये असं वैद्य सांगतात. दूध कुठे पळून जात नाही, ते रात्री प्या.

साल आणि बिया

टरबुजाची हिरवी साल सोलून आतला पांढरा भाग किसा किंवा बारीक चिरा. मोहरी, हिरवी मिरची, हळदीच्या फोडणीवर दुधीसारखी भाजी होते. चण्याची डाळ भिजवून घातली तर पोटाला आधारही होतो. गोडी नसते, म्हणून शुगरवाल्यांना ही ताटभर चालते. पण या भाजीसाठी फळ आधीच नीट धुतलेलं हवं, आणि उष्टी साल घ्यायची नाही. खाण्याआधीच पांढरा भाग काढून ठेवा.

डांगराच्या बिया फेकू नका. दुकानात त्याच सोलून मगज म्हणून महाग विकतात. चाळणीत घेऊन पाण्याखाली चोळा म्हणजे चिकट गर निघतो, मग सुती कपड्यावर एकेरी पसरून कडक उन्हात वाळवा. मुंग्या लागतात, म्हणून खाटेवर. लोखंडी कढईत मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजल्या की सोलून नुसत्या खाता येतात, बाळंतिणीच्या लाडवांत घालता येतात. प्रथिनं भरपूर असतात, पण तेलही भरपूर, तेव्हा दिवसाला मूठभर पुरे. किडनीवाल्यांनी याही विचारूनच खाव्या. डब्यात भरण्याआधी एक बी दातानं फोडून पाहा. कट्ट वाजली तर वाळली, चिवट लागली तर आणखी एक ऊन द्या, नाही तर पावसाळ्यात डब्याला बुरशी येते.